दोन पाळण्यांमधलं अंतर

दिवाळीच्या फराळाला चार घरं जमली, की ग्रँड कॅनाल डॉकच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये एक प्रश्न हमखास येतो, ‘मग, दुसरं कधी?’ तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी म्हणते, ‘लागोपाठ होऊ दे, एकदाच काय ते उरकेल.’ नवराबायको रजेचा आणि क्रेशच्या फीचा हिशेब मांडतात. त्या हिशेबात येणाऱ्या बाळाची प्रकृती मात्र कुणी धरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्यावेत. गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं पाजणं यांत आईची झीज होते. लोह, फोलेट कमी पडतं. ते भरून यायच्या आत पुन्हा गर्भ राहिला, तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. नवजात बाळं दगावतात त्यांत अशा बाळांचा वाटा मोठा असतो. सिझेरियन झालं असेल, तर गर्भाशयावरचा व्रण भरायलाही वेळ हवा.

पाळणा लांबवण्याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. इथे आयर्लंडमध्ये मात्र १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात बंद झाली. मेरी मॅगी ही चार मुलांची आई. पुन्हा दिवस गेले तर जिवाला धोका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिने परदेशातून मागवलेलं साधन कस्टम्सने जप्त केलं. ती कोर्टात गेली, हरली, आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली.

आपल्याला लढावं लागत नाही, फक्त विचारावं लागतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी जीपीकडे आईची आणि बाळाची मोफत तपासणी असते. तेव्हाच हा विषय काढावा. ‘अंगावर पाजतेय, मग काळजी नाही’ यावर विसंबू नये. बाळ सहा महिन्यांचं झालं किंवा वरचं सुरू झालं, की पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात. पस्तिशी ओलांडलेल्यांनी वयही लक्षात घेऊन, डॉक्टरांशी बोलून अंतर ठरवावं.

आणि आज्यांनो, ‘दुसरं कधी?’च्या आधी ‘तुझं हिमोग्लोबिन किती गं?’ एवढं विचारा. तुमच्या डिंकाच्या लाडवांइतकीच त्यातही माया आहे.