क्रोशाची पिशवी, बुरणुसासारखी घट्ट

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात पडला आणि लेकराच्या अंगात शिरेनासा झाला, असे पुष्कळ घरांत घडते. धुणारीला बोलणी बसतात ती वेगळीच. पण लोकरीचा हाच गुण मुद्दाम कामी लावला, तर क्रोशाने विणलेली जाळीदार पिशवी जाड, घट्ट आणि टिकाऊ होते. पिंजारी लोक लोकर पिंजून, भिजवून, मळून बुरणूस करीत. काश्मीरचा नमदाही असाच होतो. त्यात विणकाम नसते. आपण मात्र आधी विणायचे आणि मग मळायचे.

लोकरीच्या तंतूवर अगदी बारीक खवले असतात. गरम पाण्याने ते उघडतात, साबणाने तंतू सरकतात, चोळल्याने एकमेकांत घुसतात आणि खवल्यांमुळे मागे फिरत नाहीत. म्हणूनच एकदा आटलेले काम उसवून पुन्हा विणता येत नाही. आठ दिवसांची मेहनत टबात घालण्याआधी चाचणी करायची ती यासाठी.

पहिली चाचणी धाग्याची. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ते कितीही उकळा, आटणार नाहीत. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते. खरी लोकरसुद्धा ‘मशीनमध्ये धुण्याजोगी’ असेल तर घेऊ नका. तिचे खवले कारखान्यातच निकामी केलेले असतात.

ज्यांच्या दारात दख्खनी मेंढरे आहेत त्यांनी दुकानात जायचेच कशाला? मेंढीमागे वर्षाला अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास लोकर निघते. अनेक ठिकाणी तिला कातरणीची मजुरी निघण्याइतकाही भाव येत नाही आणि ती बांधावर टाकली जाते. मला हे पाहवत नाही. कोकराचे जावळ सर्वांत मऊ, तेच यासाठी बाजूला ठेवा. मोठ्या मेंढीच्या लोकरीतले राठ, ताठ केस नीट आटत नाहीत. ते हाताने वेचून काढा. कोमट साबणपाण्यात न चोळता बुडवून चिकटा काढा, वाळवा, पिंजा आणि सैल पिळाचा एकेरी धागा काता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चाती फिरवता येत असेल तर त्यालाच गुरू करा.

आता दुसरी चाचणी, मापाची. नेहमीपेक्षा जाड सुई घेऊन अर्ध्या खांबांचा सहा इंची चौकोन सैल विणा, टाक्यांमधून पलीकडचे दिसले पाहिजे. मग तो आटवून मोजा. समजा रुंदी साडेचार इंच उरली आणि उंची चार. म्हणजे रुंदीत पाव भाग गेला, उंचीत तिसरा हिस्सा. बारा इंच रुंद आणि चौदा इंच उंच पिशवी हवी असेल, तर विणायची सोळा बाय एकवीस. प्रत्येक धाग्याचा हिशेब वेगळा निघतो. शेजारणीचे माप उसने घेऊ नका.

आटवायला हाताला सोसवेल इतके गरम पाणी घ्या. त्यात अंगाच्या साबणाचा कीस विरघळवा. धुण्याचा सोडा नको, त्याने लोकर कमजोर होते. पिशवी भिजवून आधी हलकेच दाबा, मग कणीक तिंबावी तशी तिंबा आणि घासायच्या पाटावर दोन्ही दिशांनी चोळा. दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्येमध्ये उलगडून आत हात फिरवा. पाणी निवले की बदला. पंधरा-वीस मिनिटे काहीच झाल्यासारखे वाटत नाही, तिथेच पुष्कळजणी सोडून देतात. नंतर मात्र आटणे झपाट्याने होते, तेव्हा दर दोन मिनिटांनी माप घ्या. टाके दिसेनासे झाले आणि माप जुळले की लगेच थांबा.

गार पाण्यात खळबळून साबण पूर्ण काढा. पिळू नका, जुन्या लुगड्यात गुंडाळून दाबा. ओली असतानाच आत योग्य मापाचा डबा घालून आकार द्या आणि सावलीत वाळवा. बंद शक्यतो वेगळे विणून, आटवून, नंतर शिवा. अंगचे बंद ओढले जाऊन वेडेवाकडे होतात.

बचत गटातून विकायचा विचार असेल तर पहिल्या दोन पिशव्या घरीच वापरा आणि लागलेले तास वहीत मांडा. कातणे, विणणे आणि मळणे धरून मजुरी सुटत नसेल, तर लहान वस्तू करून पाहा: चष्म्याचे घर, गरम भांड्याखालची चकती. लोकर सहजी पेट घेत नाही, त्यामुळे चकतीला ती ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी बरी. पावसाळ्यापूर्वी सगळ्या वस्तूंना कडक ऊन दाखवून, झटकून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसर याच दिवसांत लागते.