खानेसुमारीने टाकून दिलेली नावे

परदेशी स्थायिक झालेली मराठी मंडळी मला वारंवार विचारतात : "आमचे खापरपणजोबा अमुक गावचे शेतकरी होते. १८८१ च्या खानेसुमारीत त्यांचे नाव कुठे पाहता येईल?" तिकडच्या शेजाऱ्यांना त्यांनी असा शोध घेताना पाहिलेले असते. इंग्लंडची गणनापत्रके शंभर वर्षांनी खुली होतात; १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्याकडचे उत्तर मात्र 'कुठेही नाही' असे आहे.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी झालेल्या त्या गणनेत नावाचा रकाना होता. शेजारी वय, जात, जन्मस्थान, व्यवसाय. (बाईचे नाव सांगण्यास घरच्यांची हरकत असेल, तर नुसते 'स्त्री' लिहून भागत असे.) पुढे बेरजा झाल्या, अहवाल छापले गेले आणि मूळ पत्रके नष्ट झाली. स्वतंत्र भारतानेही तीच रीत चालू ठेवली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्या अहवालांविषयी मला आदर आहे. पण त्यांत जिल्ह्यात कुणबी किती हे सापडते, कुणबी कोण हे सापडत नाही.

याउलट वाराणसीचा ब्रह्मा घाट पाहा. नाना फडणवीसांच्या वाड्याचा हा परिसर, जुनी मराठी वस्ती. काशीच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यजमानाचे गाव, कूळ, बाप-आजा, भाऊ, मुले अशी नोंद होते आणि खाली त्याची सही किंवा अंगठा असतो. पुढच्या पिढीतला कोणी आला की तेच पान उघडून नवी नावे जोडली जातात. ना वेतन आयोग, ना अभिलेख कक्ष. दक्षिणेच्या भरवशावर पुरोहितांनी जे पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते एवढ्या मोठ्या शासनयंत्रणेला जपता आले नाही! कायद्याची गंमत याहून मोठी आहे. वाद उद्भवण्यापूर्वी मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले विधान १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य मानले. त्या आधारे अशी वही न्यायालयात मांडता येते. जनगणनेची नोंद मात्र १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार कोणाला पाहता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही.

वह्यांचे गुणगान मी एका मर्यादेपर्यंतच करीन. काशीयात्रा ज्याला परवडली त्याचेच कूळ तिथे आहे. जमीन असलेल्याचे नाव महसुली दप्तरात कुठेतरी निघते. भूमिहीन मजूर, गावकुसाबाहेरचा माणूस, विधवा यांच्या दारी नाव विचारायला गेला तो केवळ खानेसुमारीचा गणक, आणि नेमका तोच कागद आपण टाकून दिला. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांची नोंद बापाच्या नावासह व गावासह तेथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आजही आहे. त्यांचा गावी राहिलेला भाऊ शोधू गेल्यास सापडत नाही.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता, तर मी एवढे लिहिले नसते. महाराष्ट्रात जातप्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य व जात दाखवावी लागते, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. आजा शाळेत गेलाच नसेल, तर नातवाने दाखला आणायचा कुठून? २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुके आणि मोडी दप्तरे धुंडाळली गेली. त्या वादात मी शिरत नाही. पण ज्या शासनाने दर दहा वर्षांनी दारात येऊन जात लिहून घेतली, त्याच शासनाने नातवाकडे कागद मागावा, यातली विसंगती कोणाला खटकत नाही काय?

गोपनीयतेचा आक्षेप जिवंत माणसांपुरता योग्यच आहे. लोक निर्भयपणे खरे सांगतात ते त्या हमीवर. परंतु १८८१ मधल्या माणसाची गोपनीयता आज कोणापासून राखायची? दुसरा आक्षेप साठवणुकीच्या खर्चाचा. कागदांचे ढीग होते तोवर त्यात तथ्य होते. २०२७ ची गणना अंकीय पद्धतीने करण्याचे ठरले आहे, तेव्हा गोदामाच्या भाड्याची सबब उरत नाही. या गणनेतील व्यक्तिगत नोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मोहोरबंद सोपवाव्यात आणि कलम १५ मध्ये शंभर वर्षांच्या मुदतीचे एक उपकलम घालावे. ते काम गणना संपून विदा पुसली जाण्याच्या आत व्हायला हवे.