राष्ट्रीय क्वांटम मिशनला खुले पत्र: वाटेवरची ठाणी आमच्याकडेच येणार आहेत

मा. संचालक,
राष्ट्रीय क्वांटम मिशन, नवी दिल्ली



19 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 6,003 कोटींच्या आपल्या मिशनला मंजुरी दिली. 2,000 किलोमीटरपर्यंत शहराशहरांत क्वांटम पद्धतीने, संदेश कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्ल्या पोचवणे, हे त्यातले एक उद्दिष्ट. पण दोन शहरांच्या मधे जिल्हे असतात. चंद्रपूर-गडचिरोली तसेच आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल अशी किल्ली पोचवून दाखवली. ही किल्ली एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणावर, पाठवतात; मधेच कोणी तो मोजून पाहिला की त्याची अवस्था बिघडते आणि चोरी उघडकीस येते. मात्र फायबरमध्ये दर 50 किलोमीटरला दहातला जेमतेम एक फोटॉन टिकतो, आणि त्याची हुबेहूब नक्कल करून तो पुढे धाडता येत नाही. नागपूर-चंद्रपूर अंतर सुमारे 150 किलोमीटर. हजार निघाले तर एक पोचणार. म्हणून वाटेत किल्ली उतरवून घेऊन पुढे पाठवणारी विश्वासाची ठाणी उभारावी लागतात. बीजिंग-शांघाय मार्गावर अशी 32 आहेत.

वापरणारे अनेक असले की ठाण्याचे महत्त्व आणखी वाढते. दहा कार्यालये एकमेकांशी थेट जोडायला 45 जोडण्या लागतात. मधे ठाणे असले तर दहांत भागते. पण त्या ठाण्यात किल्ली काही काळ उघडी असते. मग साऱ्या जाळ्याची सुरक्षितता त्या खोलीवर आणि तिथल्या माणसांवर येऊन ठेपते.

अशा जाळ्याची गरज इथे खरोखर आहे. देशाच्या पश्चिम आणि दक्षिण वीजजाळ्यांना जोडणारे 1,000 मेगावॅटचे एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश वीजप्रवाह) केंद्र भद्रावतीला आहे, महाऔष्णिक वीज केंद्र चंद्रपुरात आहे; त्यांचे संदेश सुरक्षित राहायला हवेत. दुसरीकडे पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो. केबलच तुटली तर किल्ली कितीही पक्की असून उपयोग नाही.

म्हणून मागणी एवढीच: भद्रावती, चंद्रपूर आणि गडचिरोली यांना जोडणारे प्रायोगिक जाळे उभारा. ठाणी सांभाळण्याचे प्रशिक्षण गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातून इथल्या मुलामुलींना द्या. आणि भामरागडकडे जाणारी केबल पुरातही टिकेल अशी, दुसऱ्या पर्यायी मार्गासह, आधी टाका. ज्यांच्या भरवशावर ही ठाणी चालायची, त्यांना आराखड्याच्या पहिल्या बैठकीलाच बोलवा.

आपला,
एक चंद्रपूरकर