दोष शोधण्याची मजुरी

प्रत्येक कारागिराच्या धंद्यात दोन प्रकारची कामे असतात, एक डोळ्यांना दिसणारे आणि दुसरे न दिसणारे. दिसणाऱ्या कामाचे पैसे गिऱ्हाईक थोडीफार घासाघीस करून का होईना देतो. न दिसणाऱ्या कामासाठी मात्र त्याचा हात खिशाकडे जात नाही. दुरुस्तीच्या धंद्यात जी बेईमानी शिरली आहे, तिचे मूळ आमच्या मते येथेच आहे. ही गोष्ट आम्हाला परक्या मुलखात एका विजेच्या जॅकने शिकवली.

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत, इंडियाना राज्यात पुतण्याकडे गेलो होतो. त्याच राज्यातील एल्कहार्ट हे शहर मोटारीमागे जोडून ओढायच्या, चाकांवरच्या घरांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. पुतण्यानेही असा एक जुना ट्रेलर घेतला होता. मुक्कामाला पोहोचले की मोटार सोडवायची आणि पुढच्या बाजूचा विजेचा जॅक वरखाली करून घर समपातळीत आणायचे, अशी रीत. ही केवळ हौस नव्हे. अशा अनेक घरांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो. त्यातील अमोनिया आणि पाणी आपल्या वजनाने वाहतात. घर तिरपे राहिले की प्रवाह अडतो आणि तसेच वारंवार चालवले तर फ्रिज कायमचा निकामी होतो. म्हणजे जॅक बिघडला तर नुकसान फक्त जॅकाचे नाही.

एके दिवशी जॅक बिघडला. बटण दाबले की त्यावरचा दिवा लागे, आतून थोडी घरघर होई, पण घर हलत नसे. पुतण्याने ट्रेलर तेथील एका दुकानात नेला. त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि निकाल दिला, मोटर गेली आहे, जॅक संपूर्ण बदला. मजुरीसह खर्च सुमारे चारशे डॉलर. पुतण्या आम्हाला म्हणाला, "चाचा, इथे कोणी दुरुस्त करत बसत नाही, बदलूनच टाकतात."

दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या जागी शेजारच्या ट्रेलरमधील एक वृद्ध गृहस्थ आपले मीटर घेऊन आले. सारी हयात त्यांनी शेतीची यंत्रे दुरुस्त केली होती. त्यांनी प्रथम चाकांना लाकडी अडण्या लावल्या. जॅकवर उभ्या असलेल्या वजनाखाली हात घालायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. मग फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. वरचे झाकण काढून हाताचे हँडल फिरवले, तर जॅक सहज फिरला. म्हणजे आतली दातेरी चाके आणि आट्यांचा दांडा ठीक होता. मीटर लावले, जॅकपाशी वीज पूर्ण 12 व्होल्टच्या वर. आमच्यासारख्याने येथेच म्हटले असते की वीज आहे, मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. दुकानानेही तेच केले असावे.

परंतु त्या गृहस्थांनी पुतण्याला बटण दाबून धरायला सांगितले आणि दाबलेल्या अवस्थेत मोजले. बॅटरीवर 12 व्होल्ट आणि मोटरला मिळतात जेमतेम 7! मधले 5 व्होल्ट कोठे गेले? मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी जॅकच्या अंगाला लावताच ते 5 व्होल्ट तेथे सापडले. या जॅकला परतीची तार नव्हती. वीज परत जायची ती जॅक ज्या तीन बोल्टांनी लोखंडी सांगाड्यावर बसवला होता, त्या बोल्टांतून. आणि बोल्टांखाली होता रंग आणि गंज.

यातला हिशेब कारागिरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. गंजाचा अडथळा एक दशांश ओहम जरी असला, तरी 30 अँपिअर ओढणाऱ्या मोटरचे 3 व्होल्ट तो गिळतो. अर्धा अँपिअर घेणाऱ्या दिव्याचा मात्र तो व्होल्टचा विसावा भागच घेतो. म्हणून दिवा झकास लागतो आणि मिस्त्री फसतो. विजेची परीक्षा भार टाकल्यावर होते, रिकाम्या तारेवर नव्हे. माणसाचेही तसेच आहे म्हणा.

पुढचे काम सोपे होते. ट्रेलर पुन्हा मोटारीला जोडून जॅकवरचा भार काढला, बॅटरीची तार सोडली, बोल्ट खोलून रंग-गंज खरवडला आणि जॅकच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जाड तार स्वतंत्र टाकली. बटण दाबताच घर उचलले गेले. सामानाचा खर्च पंधरा डॉलरही नाही.

आता खरी विचार करण्याची गोष्ट पुढेच आहे. समजा पुतण्याने नवा जॅक बसवला असता. बसवताना बोल्ट हलले असते, गंज आपोआप थोडा निघाला असता आणि नवा जॅक चाललाही असता. सर्वांनी म्हटले असते, पाहा, मोटरच गेली होती! निर्दोष जॅक भंगारात, आणि वर्षा-दोन वर्षांत तोच गंज पुन्हा हजर. चुकीची दुरुस्ती अशी बरोबर ठरून जाते.

आम्ही त्या दुकानाला चोर म्हणत नाही. तेथे मजुरी तासावर आणि भारी. दोन तास दोष शोधला आणि पंधरा डॉलरची तार निघाली, तर दोन तासांचे बिल पाहून गिऱ्हाईक भांडायला उठते. नव्या जॅकच्या चारशे डॉलरला तो भांडत नाही, कारण हातात वस्तू मिळते. मग दुकानदार वस्तूच विकणार.

आपल्याकडे मालेगाव-भिवंडीत वेगळे काय आहे? यंत्रमागाची थ्री-फेज मोटर जळते. तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडालेला असतो किंवा एक जोड ढिला असतो. मोटर गुणगुणते, तापते आणि जळते. मिस्त्री रिवाइंडिंग करून देतो, मालक पैसे देतो, ढिला जोड तसाच राहतो आणि काही दिवसांत मोटर पुन्हा जळते. मालक मिस्त्रीला शिव्या देतो. पण जोड शोधण्याचे पैसे त्याने कधी दिले होते काय? "नुसता स्क्रू तर आवळला, त्याचे कसले पैसे!" असे म्हणणारे आम्हीच आहोत. कापडाच्या धंद्यात रफूगराचे मोल आम्हाला कळते, कारण रफू करण्यापूर्वी भोक दिसते. बाकी कारागिरांच्या बाबतीत मात्र आमची नजर अधू होते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, ती काम हाती घेण्यापूर्वी सांगावी आणि गिऱ्हाईकाने ती खुशीने द्यावी, दोष चार आण्यांचा निघो की चार हजारांचा. दुसरी, बदललेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हाती परत द्यावा आणि दोष काय होता ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. तिसरी, हाताखालच्या पोरांना पान्याआधी मीटर शिकवावे आणि तेही भारावर मोजायला शिकवावे.

काळही या बाजूने वळतो आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतकऱ्याला आपली यंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पण कायद्याने सुटा भाग आणि माहिती मिळेल, दोष शोधणारा ईमानदार हात मिळणार नाही. तो आपल्यालाच सांभाळावा लागेल.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाहेर काढला होता आणि तो झाकणाऱ्याला ताकीद दिली होती, हा प्रसंग आपण सारे जाणतो. विकणाऱ्याने दोष लपवू नये, हा बोध आपण घेतो. पण ढिगात हात घालणे हेही एक काम आहे. त्या गृहस्थांनी आमच्याकडून फक्त एक पेला चहा घेतला. शेजाऱ्याला चहा पुरतो. ज्याची चूल या कामावर पेटते, त्याला चहावर बोळवू नये.