अपडेट: लगेच की थोडे थांबून?

फोनवर 'अपडेट उपलब्ध आहे' अशी सूचना आली की आपल्या घरांत दोन तऱ्हा दिसतात. मुले लगेच बटण दाबतात. अम्मी-अब्बा मात्र 'चांगला चाललेला फोन बिघडेल' म्हणून महिनोन्‌महिने टाळतात. कधी घाई बरी आणि कधी सबुरी, हे अपडेट कोणते आहे त्यावर ठरते.

नवे सॉफ्टवेअर आपल्यापर्यंत टप्प्याटप्प्याने येते. 'अल्फा' टप्प्यात ते बहुधा बनवणाऱ्यांच्याच हातात असते. 'बीटा' टप्प्यात बाहेरचे लोक ते वापरून दोष कळवतात. पुढचा टप्पा 'रिलीज कँडिडेट'. त्यात मोठा दोष निघाला नाही तर तेच सर्वांसाठी खुले होते. खुले झाल्यावरही अनेक कंपन्या ते आधी थोड्या फोनांवर पाठवतात आणि मग व्याप्ती वाढवतात. म्हणून एखादी नवी सोय खालाच्या फोनवर आधी दिसते, आपल्या फोनवर नंतर. आपला फोन बिघडलेला नसतो.

तरीही चूक राहू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट आले आणि काही लोकांच्या फायली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने ते थांबवले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिले. म्हणून नवे रूप, नव्या सोयी आणणारे मोठे अपडेट आठवडा-दोन आठवडे थांबून केले तर काही बिघडत नाही. त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत मात्र ठेवा.

सुरक्षेच्या अपडेटला हा नियम लावू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर त्रुटी १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्त केली. ज्यांनी ती दुरुस्ती घेतली नाही, त्यांच्यापैकी अनेकांना १२ मेपासून 'वॉनाक्राय'ने गाठले. संगणक कुलूपबंद झाले, खंडणी मागितली गेली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. जवळपास दोन महिने हाताशी होते!

घरासाठी एवढे लक्षात ठेवा:

• ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे, त्यावर बीटा आवृत्ती घेऊ नका.

• अपडेट फक्त फोनच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'अपडेट'च्या लिंकला हात लावू नका.

• सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहा.

ही तारीख महत्त्वाची, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरला शेवटचा टप्पाही असतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. फोनचेही तसेच. आपण नवा फोन घेतो आणि जुना अब्बांना देतो. त्या फोनला दुरुस्त्या येणे बंद झाले असेल, तर तो बोलण्यासाठी, फोटो पाहण्यासाठी चालेल. पण अब्बांच्या पेन्शनचे खाते त्यावर उघडून देऊ नका.