सरांना, मॅडमना वर्गात राहू द्या

बजाजनगरातल्या माणसाला जादा कामाचा हिशेब शिकवावा लागत नाही. वाळूज एमआयडीसीत शिफ्ट संपल्यावर थांबावं लागलं तर ओव्हरटाइम मागायचा असतो; मिळतो की नाही, हा वेगळा विषय. आपल्या पोरांच्या मॅडम मात्र रात्री जेवणं उरकून मोबाइलवर शाळेची माहिती भरत बसतात. तो हिशेब कुणीच करत नाही.

एकट्या आधारचंच घ्या. जालन्याहून, बीडहून, थेट बिहारहून कामासाठी आलेलं कुटुंब वर्षाच्या मधेच पोराला शाळेत घालतं. दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं. आधार जुळलं नाही तर ते पोर संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत, आणि पट कमी दिसला की शिक्षकाचं पद जातं. मग शाळा सुटल्यावर सर भाड्याच्या खोल्या शोधत फिरतात. बाप सेकंड शिफ्टला, खोलीला कुलूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोवर ग्रुपवर मेसेज आलेला असतो, 'माहिती आजच सादर करावी.' खिचडीची चव घेऊन नोंद करा, यू-डायस भरा, मतदार यादीसाठी बीएलओ म्हणून घरोघर जा. फळ्यावर भागाकार अर्धा आणि सर ऑफिसात ओटीपीची वाट बघतायत. विनाअनुदानित शाळांत तर भर उन्हाळ्यात प्रवेशासाठी दारोदार फिरायचं, आणि पगार विचारायचा नाही.

'सरकारी पगार घेतात, करू देत की,' असं टपरीवर ऐकू येतं. अहो, पगार शिकवण्याचा आहे! शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. कागद निघाला, पोर्टलं तशीच राहिली. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी ही पात्रता परीक्षा पास व्हायचं आहे. अपेक्षा रास्त असेलही, पण अभ्यास करायचा कधी? २०२७ ची जनगणना आणि निवडणुकीचं काम तर कायद्यानंच टळणारं नाही. निदान बाकीचं तरी काढा. पिचलेला शिक्षक शेवटी तुमच्या-आमच्याच पोरावर खेकसतो.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. पुढची बैठक चुकवू नका. वडिलांना सुट्टी मिळत नसेल तर आईनं जावं. महिनाभरात कोणत्या कामापायी किती तासिका बुडाल्या, ते इतिवृत्तात लिहायला लावा. माहिती भरायला केंद्रावर स्वतंत्र माणूस द्या, असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिक्षक बोलला की त्याला नोटिशीची धास्ती असते, पालकांना कसली? ठराव दिल्याची पोच तेवढी घ्या.