गिअरच्या दांड्याबाबत शेवटचा इशारा

हे पत्र नियम समितीला आहे. ते जाहीर लिहिले आहे, कारण बंद पाकिटातल्या पत्रांना तुमच्याकडून उत्तर येत नाही.

आम्ही गिअरच्या कार्टवाले. चालक, मेकॅनिक, दोन-तीन कार्टांचे छोटे संघ चालवणारे, आणि पोरांच्या टायरची बिले भरणारे आई-बाप. आमच्यात कोल्हापूर-पुण्याच्या ट्रॅकवर बिनगिअरच्या कार्टवर हात बसवून इथवर आलेलेही आहेत.

तुमची ग्रिड आमच्या कार्टांनी भरते. हे तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न एकच. १२५ सीसी आणि सहा गिअरच्या केझेड वर्गात विजेवर चालणारा शिफ्टर आणि स्टीअरिंगमागची पॅडल चालणार, की नाही?

आंतरराष्ट्रीय नियमात याचे उत्तर आहे. गिअर हाताने बदलायचा, यांत्रिक जोडणीने बदलायचा. मदतनीस यंत्रणा नाही. गिअर बदलताना ठिणगी तोडणारी यंत्रणा नाही. यात दुसरा अर्थ निघत नाही.

तुम्ही मात्र तुमच्या पुस्तिकेत ‘आयोजकांच्या संमतीने’ हे दोन शब्द घातले. संमती कोणी द्यायची, कशावर द्यायची, नाकारायची कधी, यातले काहीही लिहिले नाही.

त्या दोन शब्दांतून विजेच्या शिफ्टरची डबी आत आली. आधी एका कार्टवर. मग पुढच्या रांगेत.

आम्ही तेव्हा हरकत घेतली. रीतीने घेतली, शुल्क भरून घेतली. निकाल राखून ठेवल्याचे आम्हाला सांगण्यात आले. तो अजून राखूनच ठेवलेला आहे.

आम्ही बैठक मागितली. ‘हंगाम संपल्यावर’ असे उत्तर आले. हंगाम संपला. मग ‘हंगाम सुरू होण्यापूर्वी’ असे ठरले. हंगाम सुरू झाला.

या सगळ्या काळात आमची एकही कार्ट ग्रिडवरून मागे गेली नाही. एकाही मेकॅनिकने आवाज चढवला नाही. ही आमची शिस्त होती. तिला तुम्ही होकार समजलात.

आता मुद्दा. तो समजून न घेता निर्णय टाळला जातो आहे, म्हणून सविस्तर.

केझेडच्या चालकाचा उजवा हात प्रत्येक वळणाआधी स्टीअरिंग सोडतो. हँड क्लच फक्त सुरुवातीला लागतो. पुढे सगळे गिअर क्लचशिवाय पडतात. वर जाताना उजवा पाय क्षणभर हलका करायचा, दात्यांवरचा ताण सुटला की दांडा ओढायचा. खाली येताना ब्रेकवर पाय, दांड्यावर हात, आणि कार्ट एका डाव्या हातावर. कार्टला सस्पेन्शन नाही. डिफरन्शियलही नाही. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्ती सरळ मागच्या अखंड आसावर येते. चूक झाली तर गिअरबॉक्स तुटतो, नाहीतर मागची चाके अडकून कार्ट फिरते.

ही या वर्गाची परीक्षा आहे. मॅक्स व्हर्स्टापेन २०१३ साली फ्रान्समधल्या व्हारेन्न येथे केझेडचा विश्वविजेता झाला, तो हीच परीक्षा देऊन. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

डबी ही परीक्षा सोपी करते, इतकीच आमची तक्रार असती तर आम्ही कदाचित गप्प बसलो असतो. काळ बदलतो. खेळही बदलतात.

तक्रार वेगळी आहे.

विजेचा शिफ्टर काय करतो? चालक बटण दाबतो किंवा पॅडल ओढतो. डबी क्षणभर ठिणगी तोडते. इंजिनाचा जोर सुटतो, दाते मोकळे होतात, सोलेनॉइड गिअर ढकलतो, ठिणगी परत येते. चालकाचा पाय तळाशीच राहतो.

म्हणजे इंजिनाची ठिणगी केव्हा आणि किती वेळ तोडायची, हे आता एक प्रोग्राम ठरवतो.

हाच प्रोग्राम, त्याच तारेवरून, वळणातून बाहेर पडताना मागची चाके घसरली तरी ठिणगी तोडू शकतो. त्यासाठी नवा भाग लागत नाही. इंजिनाचे फेरे डबी मोजतेच आहे. कोडमध्ये चार ओळी जास्त लागतात. त्याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात, आणि पावसात तो शर्यत जिंकून देतो.

त्या चार ओळी तुमचा स्क्रुटिनिअर कशाने पकडणार? त्याच्या तंबूत व्हर्निअर आहे, वजनकाटा आहे, इंधन तपासायची सोय आहे. दांडा आणि सळई तो हाताने हलवून पाहतो आणि अर्ध्या मिनिटात सोडतो. डबीच्या आत तो काय पाहणार?

हा प्रश्न आम्ही प्रत्येक पत्रात विचारला आहे.

‘फॉर्म्युला वनमध्ये कधीचे आहे’ असे तुमच्यातले एक सदस्य खासगीत म्हणतात. मग फॉर्म्युला वनचीच हकीकत घ्या. ती तुमच्या बाजूची नाही.

जॉन बर्नार्ड यांची फेरारी ६४० ही गाडी १९८९ साली पॅडल घेऊन ब्राझीलला उतरली आणि नायजेल मॅन्सेलने ती पहिलीच शर्यत जिंकली. पाचच वर्षांनी, १९९४ साली, चालकाला मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी बेनेटनच्या गाडीतला कोड तपासला, तेव्हा सुरुवातीच्या क्षणाला मदत करणारा एक पर्याय त्यात सापडला. पडद्यावरच्या यादीत तो दिसत नव्हता. तो तेरावा होता, आणि कुठे जायचे हे माहीत असणाऱ्यालाच सापडणारा. तो शर्यतीत वापरल्याचे मात्र सिद्ध करता आले नाही.

२००१ साली स्पेनच्या शर्यतीपासून ट्रॅक्शन कंट्रोलला पुन्हा परवानगी मिळाली. बंदी राबवता येत नाही, हे कबूल करण्याचाच तो प्रकार होता. ती पुन्हा घालता आली २००८ साली, आणि तीही सर्व गाड्यांना एकच प्रमाणित नियंत्रण पेटी सक्तीची केल्यावर. मोटोजीपीलाही २०१६ साली एकाच पेटीवर यावे लागले.

जगातल्या सर्वात श्रीमंत शर्यतीला पॅडलपासून त्या पेटीपर्यंत पोहोचायला एकोणीस वर्षे लागली. तुमच्याकडे एक तंबू आहे.

पॅडलशी आमचे वैर नाही. रोटॅक्सच्या डीडी२ वर्गात दोन गिअर आहेत आणि ते स्टीअरिंगमागच्या पॅडलनेच बदलतात. तो वर्गच तसा घडवला आहे आणि सगळ्यांना इंजिन एकच. तिथे आमचे काही म्हणणे नाही. कोणाला पॅडल हवी असतील, तर तो वर्ग आहे. नवा वर्ग काढायचा असेल, तोही काढा.

दोन्ही हात स्टीअरिंगवर राहिले तर सुरक्षितता वाढते, असे सांगितले जाते. या दाव्यात तथ्य असू शकते. पण तो मांडणाऱ्यांनी एकाही अपघाताचा अहवाल आजवर समितीपुढे ठेवलेला नाही. ठेवा. आम्ही वाचू.

एका बाबतीत आमची बाजू आधीच ठरलेली आहे. ज्याचा हात किंवा पाय अधू आहे, त्याला पॅडल मिळालेच पाहिजे. दोन्ही पाय गमावलेल्या अलेक्स झनार्दी यांनी २००५ साली ओशर्सलेबेनला जागतिक टूरिंग कार स्पर्धेतली शर्यत जिंकली, ती खास बदललेल्या गाडीतूनच. अशा चालकाला वैद्यकीय दाखल्यावर आणि सीलबंद डबीसह परवानगी द्या. बसवून द्यायला आमचे मेकॅनिक येतील. पैसे घेणार नाहीत. पण अशा चालकांचे नाव पुढे करून पहिल्या रांगेतल्या धडधाकट संघाला डबी देऊ नका. हा प्रकार झाला आहे. आम्ही पाहिला आहे.

राहिला पैसा. डबी एकदा घेऊन भागत नाही. ती आली की तिची नवी आवृत्ती येते, ती जुळवणारा माणूस येतो, त्याचा रोज येतो. मोठ्या संघांना ते परवडते. एका कार्टवर पोराला घेऊन आलेला बाप तिथेच थांबतो. तो जाताना तक्रार करत नाही. पुढच्या हंगामात फक्त दिसत नाही. असे किती गेले, ते तुमच्या नोंदवहीत पाहा.

आता आमच्या मागण्या.

‘आयोजकांच्या संमतीने’ हे शब्द पुस्तिकेतून काढा. आंतरराष्ट्रीय नियम आहे तसा छापा. राखून ठेवलेल्या हरकतीचा निकाल द्या. तो आमच्या विरुद्ध गेला तरी चालेल. मात्र तो लेखी हवा, आणि कारणांसह हवा.

मुदत ३१ डिसेंबर.

त्या तारखेपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर पुढच्या हंगामासाठी आमच्यापैकी कोणीही प्रवेश अर्ज भरणार नाही. पहिल्या फेरीलाच नव्हे, एकाही फेरीला नाही. मेकॅनिक दुसऱ्या संघांची कामे घेणार नाहीत. आमच्यातले जे मार्शल म्हणून उभे राहतात, ते झेंडे परत करतील.

प्रायोजकांना आम्ही वेगळे कळवणार नाही. ग्रिड त्यांना दिसेलच.

आम्ही शर्यत सोडणार नाही. ट्रॅक भाड्याने मिळतो. टायमिंगची सोय आमच्याकडे आहे. डॉक्टर, रुग्णवाहिका आणि विमा, यांची बोलणी झाली आहेत. नियम आंतरराष्ट्रीय पुस्तिकेतले असतील. त्यांत एका शब्दाचीही भर पडणार नाही.

ही धमकी नाही. धमकी देणाऱ्याला समोरचा घाबरावा असे वाटत असते. आम्हाला फक्त उत्तर हवे आहे. ते काय आहे त्यावर पुढची तयारी ठरेल, आणि ती दोन्ही बाजूंनी पूर्ण आहे.

मध्यस्थ पाठवू नका. फोन करू नका. ‘एकदा बसून बोलू’ हा निरोप या वेळी स्वीकारला जाणार नाही. बसून बोलण्याची वेळ आम्ही तुम्हाला बरीच दिली.

उत्तर समितीच्या शिक्क्यासह, सर्व सदस्यांच्या सह्यांनिशी द्यावे. ३१ डिसेंबरला संध्याकाळी सहापर्यंत ते स्वीकारले जाईल. मुदतवाढ नाही.